देवीचे खांदे

माझ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकटी मला म्हणाली, "आजी, तुझं लहानपण किती शांत गेलं असेल ना! रत्नागिरीचा समुद्र, आंब्याची झाडं, गोंगाट नाही, धावपळ नाही." मी "हो गं बाय" म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र मला माझीच चीड आली. मुलांना खोटं सांगू नये असं मी जन्मभर वर्गात बजावत आले आहे.

पुढच्या मे महिन्यात तुम्ही सगळे येणार आहात. तुमचे बाबा तुम्हाला हातखंब्याच्या पुढच्या त्या गावी देवीच्या दर्शनाला नेतीलच. गुरव तुम्हाला गाभाऱ्यात जाऊ देईल, कारण तुम्ही आमच्या घरातले. तुम्ही मूर्तीच्या खांद्यांवरून हात फिरवाल आणि म्हणाल, किती गुळगुळीत! तो हात फिरवण्याआधी ते खांदे तसे का आहेत हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून आता लिहायला बसले. फोनवर हे सांगण्यासारखं नाही. ऐकायला बरं नाही, आणि अर्ध्यावर थांबून चालणार नाही.

इंग्रजी व्याकरण शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे क्रम सोडवत नाही. आधी दगड सांगते, मग घर, मग बाकीचं.

आमच्याकडे पायाखाली आहे तो जांभा. तांबडा, भोकाभोकांचा. त्याचे चिरे काढून घरं बांधतात, विहिरी बांधतात, पण त्यात देव होत नाही. नाक काढायला जावं तर नाकाच्या जागी भोक निघतं. देवासाठी काळवत्री लागतो, काळा, घट्ट, हत्याराला उलटून मारणारा दगड. तो आणायला माझे बाबा घाटाच्या पायथ्याकडच्या खाणीत जात. बाबा पाथरवट होते. लोक त्यांना मेस्त्री म्हणत.

हा धंदा म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंत मारणं. मी झोपेतून उठे ती घणाच्या आवाजाने. आमच्या पडवीत अनवाणी फिरायची सोय नव्हती, कपच्या तळपायात शिरत आणि आई त्या सुईने काढी. बाबांच्या डाव्या डोळ्यात तरुणपणी अशीच एक कपची घुसली होती. त्या डोळ्यात पांढरं फूल पडलं होतं आणि त्याने त्यांना फक्त उजेड-अंधार कळे. माझा सख्खा काका खाणीतच गेला. सुरुंगाची वात विझली असं समजून तो वाकून बघायला गेला. बाबांनी त्याला धोतरात गोळा करून घरी आणला. त्याचे दिवस झाल्यावर ते पुन्हा त्याच खाणीत गेले आणि त्याच सुरुंगाने सुटलेला दगड बैलगाडीत घालून घेऊन आले. आई दारात आडवी आली. "ह्यो दगड माज्या अंगनात नको."

"ह्याच्यापायी माजा भाव गेला," बाबा म्हणाले. "तो काय तितंच ठेवून येऊ?"

तो दगड आमच्या अंगणात फणसाखाली कित्येक पावसाळे पडून होता. मी त्याच्यावर बसून पाढे पाठ केले.

बाबांचा हात घरातही चालायचा. दगड मनासारखा फुटला नाही की तो राग जेवणाच्या ताटावर निघे, आईवर निघे, कधी माझ्यावर. एकदा हातोडीच्या दांड्याने त्यांनी आईच्या कोपरावर मारलं. तिथे जन्मभर गाठ राहिली. हे मी गाळणार नाही. ते गाळलं तर पुढचं तुम्हाला चुकीचं समजेल.

मूर्ती घडवायचे बाबा, पण घासायची आई. टाकीच्या घावांनी खडबडीत झालेल्या अंगावर वाळू आणि पाणी टाकून दगडाने दगड घासायचा. मग कुरुंदाने घासायचं. कुरुंद म्हणजे टाकीला धार लावतात तो कठीण दगड. शेवटी कोळशाची पूड आणि खोबरेल. या कामाने तिच्या तळहातांवर रेषाच उरल्या नव्हत्या. दारावर हात बघणारा एक बुवा आला होता, तो तिचा हात बघून झोळी उचलून निघून गेला. कुठे थांबायचं ते मात्र बाबा ठरवत. ते येत, हात फिरवत आणि "बास" म्हणत. त्यांच्या त्या शब्दाशिवाय आईने कधी हात थांबवल्याचं मला आठवत नाही. मूर्ती न्यायला येणारे म्हणत, वा मेस्त्री, काय हात आहे तुमचा! आईचं काम त्यांच्या लेखी भांडी घासण्यातलं होतं.

आता गावाकडे येते. ते दिवस एकोणीसशे तिसाच्या आगेमागचे. त्या गावात दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची. दोन्हीकडे शेतकरी, सगळे एकमेकांचे भाऊबंद, आणि म्हणूनच एकमेकांच्या जिवावर उठलेले. निम्मे पुरुष मुंबईला गिरणीत. शिमग्याला सगळे गावी येत आणि मग देवीची पालखी आधी कुणाच्या खांद्यावर चढायची यावरून डोकी फुटत. निवाडा देवी करी. गुरव तिच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी लावी आणि विचारी, "वरच्या वाडीचा मान खरा असेल तर उजवा कौल दे." उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी कळत्या वयाची झाल्यापासून ऐकत आले ते हेच, की कौल उजवा झाला आणि पालखी वरच्या वाडीने उचलली.

याचं कारण बाबांना माहीत होतं. जुन्या देवीच्या डोक्यावर टांगलेल्या अभिषेकाच्या भांड्यातलं पाणी पिढ्यान्‌पिढ्या उजव्या खांद्यावरून ओघळत आलं होतं आणि तो खांदा झिजून गुळगुळीत झाला होता. खरखरीत दगड पाणी धरतो, पाकळी चिकटून राहते. गुळगुळीत दगडावर पाणी टिकत नाही, पाकळी लवकर सुटते.

एका शिमग्याला कौल चालू असतानाच गाभाऱ्यात मारामारी झाली. कुणीतरी दाराची पहार उचलून फिरवली. ज्याच्यावर ती फिरवली तो खाली वाकला आणि घाव देवीच्या डाव्या खांद्यावर बसला. खांदा हातासकट निखळून पडला. भंगलेल्या मूर्तीची पूजा होत नाही. ती नदीच्या डोहात सोडून दोन्ही वाड्यांनी मिळून बाबांना नवी देवी करायला सांगितली. मिळून केलेलं तेवढं एकच काम.

बाबांनी फणसाखालचा दगड उभा केला. या वेळी आई आडवी आली नाही.

पहिला आला तो वरच्या वाडीचा मानकरी. दांडगा माणूस, पिळलेल्या मिशा, हातात काठी. पडवीच्या पायरीवर बसून त्याने पान लावलं.

"मेस्त्री, देवी जुन्यासारखी झाली पायजे हां."

"जुन्यासारखीच करतोय. तेच चार हात, तोच मुकुट."

"मुकुटाचा नाय म्हनत मी. उजवा खांदा जुन्यासारखा."

"तो पान्यान झिजला होता. नवी देवी झिजलेली कशी करू?"

"हात तुमचा हाय. तुमाला काय जड हाय?"

"हात माजा हाय," बाबा म्हणाले, "पन खांदा तिचा हाय."

मानकऱ्याने पानाची पिंक आमच्या तुळशीच्या अगदी जवळ टाकली आणि उठला.

मग खालच्या वाडीतून एक तरुण आला. मुंबईचा गिरणीवाला, काळी टोपी, मनगटावर घड्याळ. तो हसऱ्या तोंडाचा होता.

"मेस्त्री, आमाला काय नको. न्याय पायजे फक्त. इतकी वर्सा उजवा उजवा झाला, आता डावा जरा बगा..."

त्याचं बोलणं संपायच्या आत बाबांनी हातातली टाकी फेकली. ती त्याच्या कानाजवळून जाऊन खांबात रुतली. तो टोपी सावरत पळाला. आईने खांबातली टाकी हलवून हलवून काढली आणि म्हणाली, "नेम चुकला तुमचा."

बाबा हसले. त्या दिवसांतलं त्यांचं एवढंच हसणं मला आठवतं.

फाल्गुन जवळ आला. देवी घडून झाली. ज्या दिवशी बाबांनी हत्यारं पुसून पेटीत ठेवली त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिन्हीसांजेच्या आधी, मानकरी चार-पाच जणांना घेऊन आला. मी पडवीत पाटीवर इंग्रजी अक्षरं गिरवत होते. आई विहिरीवर गेली होती. ते आले तेच अंगणातून धावत आले. दोघांनी बाबांना मागून धरलं, एकाने गुडघ्यामागे लाथ मारून खाली बसवलं. बाबांचा उजवा हात त्यांनी मूर्तीच्या पायाशी, बैठकीच्या दगडावर आडवा दाबला. मानकऱ्याने आमच्याच कोपऱ्यातला घण उचलला.

"आता कर सारखे खांदे," तो म्हणाला.

तो आवाज दगड फुटल्यासारखा नव्हता. ओली फांदी मोडल्यासारखा होता. बाबा पहिल्या घावाला ओरडले. दुसऱ्याला ओरडले नाहीत, नुसतं तोंड उघडं राहिलं. तिसऱ्याच्या आधी आई आली. कमरेवरची भरली कळशी तिने तशीच एकाच्या तोंडावर आदळली. त्याची भिवई फाटली आणि पाणी-रक्त एकत्र अंगणात सांडलं. मग त्यांनी तिला खाली पाडून पोटात लाथा घातल्या. मी पाटी छातीशी धरून उभी होते. मला कुणी हात लावला नाही. जाताना त्यातला एक माझ्याकडे बघून म्हणाला, "पोरी, बापाला पानी दे."

मला तेव्हाही एक गोष्ट कळली होती आणि ती सांगायला मी कुणाकडे जाणार होते? त्यांनी मोडला त्या हाताचं काम संपलेलं होतं. देवी उभी होती. आता राहिलं होतं ते फक्त घासणं, आणि घासणारा आईचा हात त्यांनी धक्का न लावता सोडला होता. पोटात लाथ मारली, हाताकडे बघितलंही नाही.

मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांची दोन बोटं काढली. उरलेली वाकडी जुळली, मुठीत चमचा धरण्यापुरती. फौजदार घरी येऊन गेला. बाबांनी त्याला नाव सांगितलं नाही. "नाव घेतला तर पुरावा म्हनून देवी नेऊन ठेवतील कचेरीत," ते आम्हाला म्हणाले. "मग ती बसतेय कदी?" त्यांना जोराचा ताप भरला. ते आतल्या खोलीत पडून बडबडत, आणि त्या बडबडीत काका असे, सुरुंग असे, आणि पुन्हा पुन्हा "दोनी सारखे, दोनी सारखे" असे.

तो हसऱ्या तोंडाचा गिरणीवाला परत आला. या वेळी बाबांकडे न जाता तो सरळ आईकडे गेला. आई मूर्तीपाशी वाळू चाळत होती. घासणारी आई आहे, हे दोन्ही वाड्यांत त्या एकट्याच्याच लक्षात आलं होतं.

"वयनी, घासनार तुमीच ना?"

आई वाळू चाळत राहिली.

"डावा जरासा जास्त घासा. कुनाला कळनार नाय. मेस्त्रींच्या हाताचा बदला देवीच घेल. पिढ्यान्‌पिढ्या घेल."

आईने मूठभर वाळू उचलून त्याच्या डोळ्यांत मारली. तो ओरडत खाली बसला. "माज्या नवऱ्याचा हात म्हंजे काय विळा वाटला तुमाला?" ती म्हणाली. "एकान मोडला की दुसऱ्यान उचलून आपला गवत कापायचा?" डोळे चोळत तो कुंपणापर्यंत रांगत गेला.

पण त्याचं बोलणं तिच्या डोक्यातून गेलं नाही. ते मला दिसत होतं. तिने घासायला सुरुवात केली आणि मी शाळेतून आल्यावर समोर बसून फक्त तिचे हात बघत राहिले. डावा खांदा थोडा जास्त झाला असता तर मानकऱ्याच्या नातवाच्या नातवालाही पालखीचा पहिला खांदा मिळाला नसता. आणि ते उघडकीला आलं असतं तर त्यांनी आम्हाला जिवंत ठेवलं नसतं. घरात पुरुषाचा हात उरला नव्हता.

"बाय," ती घासता घासता मला म्हणाली, "माज्या मनात काय हाय ता तुला ठावं हाय?"

"डावा," मी म्हटलं.

"व्हय. डावा."

आणि तिने खरोखर डाव्यावर जोर काढला. दात आवळून, अंगात आल्यासारखी, पोटातल्या लाथांच्या कळा दाबत ती घासत राहिली. "मारायचे ना मला," मध्येच ती म्हणाली, "पन मारला तरी माज्या घरातला हात होता." मग आतून बाबांची बडबड आली, दोनी सारखे. ती थांबली. दोन्ही खांद्यांवर एकदम दोन तळवे ठेवून तिने डोळे मिटले. डावा पुढे गेला होता. शिवी हासडून ती उजव्याकडे वळली आणि तो डाव्याइतका होईतो घासला. बरोबरी झाली की पुन्हा तिला तो ठेचलेला हात आठवे, पुन्हा ती डाव्याकडे जाई. मग पुन्हा उजवा. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. तिचे तळहात सोलले. मूर्तीवरून ओघळणारं काळं पाणी खाली येईपर्यंत तांबूस होई. आतून "बास" म्हणणारं कुणी शुद्धीवर नव्हतं.

ताप उतरला तेव्हा बाबा भिंतीला धरून बाहेर आले. उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हाताने त्यांनी आधी उजवा खांदा चाचपला, मग डावा, मग पुन्हा उजवा.

"सारखे हायत," ते म्हणाले. पुन्हा एकदा हात फिरवून म्हणाले, "पन लयच घासलंस गो."

"तुमी बास म्हनालाव नाय," आई म्हणाली.

देवी गाडीतून गावी गेली. भटांनी तिची प्रतिष्ठा केली. दुसऱ्या दिवशी पहिला कौल होता. आम्ही तिघेही गेलो होतो, कारण पहिल्या कौलाला घडवणाऱ्याचा नारळ असतो. देऊळ माणसांनी भरलं होतं, डावीकडे खालची वाडी, उजवीकडे वरची, आणि दोन्हीकडच्या काठ्या नावापुरत्या बाहेर ठेवलेल्या. बाबा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभे होते, आई त्यांच्या मागे. तिच्या ओच्यात कुरुंद होता. शेवटचं तेल लावताना कुठे कण राहिला असेल तर काढावा म्हणून तिने तो सोबत आणला होता.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. तगरीची पाकळी ओली करून उजव्या खांद्यावर लावली. डावी लावायला तो वळला तोवर उजवी घसरून खाली आली होती. देऊळभर कुजबुज झाली. त्याने खांदे फडक्याने पुसले आणि पाकळ्या पुन्हा लावल्या. बोट उचललं की पाकळी सुटे, उजवी सुटे तशीच डावीही सुटे. आईने त्या दगडाला असा आरसा केला होता की त्यावर पाण्याचा थेंबही क्षणभर ठरत नव्हता.

"हात थरथरतो तुजा!" मानकरी ओरडला आणि त्याने गुरवाच्या थोबाडीत मारली. मग स्वतःच पाकळी घेऊन त्याने देवीच्या उजव्या खांद्यावर अंगठ्याने दाबून धरली, इतकी की ती चुरगळली. अंगठा काढला. ती पडली.

खालच्या वाडीतून गिरणीवाल्याचा आवाज आला, "अरे, जिच्या मेस्त्रीचा हात ठेचलास, ती तुला कौल देईल काय?"

पुढचं सगळं एकदम झालं. मानकरी त्याच्यावर धावला. दाराबाहेरच्या काठ्या आत आल्या. समई उलटली, कुणाचं तरी धोतर पेटलं आणि पायांनी विझवलं गेलं. माझ्या शेजारची एक म्हातारी खाली पडली आणि तिच्यावरून माणसं गेली. नगाऱ्याचं कातडं फाटल्याचा आवाज आला. गिरणीवाल्याच्या डोक्यातून रक्त वाहत होतं, तरी तो हातातल्या अर्ध्या काठीने मारत होता. मी एका खांबाला मिठी मारून बाबांकडे बघत होते. ते गर्दीकडे पाठ करून देवीला कवटाळून उभे होते, जसे आपण पावसात पोराला कवटाळतो तसे. त्यांच्या पाठीवर काठ्या पडत होत्या. मारणाऱ्यांना कुणाला मारतो आहोत हे तरी कळत होतं की नाही, कोण जाणे.

मानकऱ्याने दाराची पहार उचलली. ही तीच पहार, जिने जुनी देवी भंगली होती. "हीच बाई," तो आईकडे बघत म्हणाला. त्याला तेव्हा उलगडा झाला असावा. "हिनं केलान ह्या!"

आईने ओच्यातून कुरुंद काढला आणि तो पहार वर नेत होता तेवढ्यात त्याच्या तोंडावर मारला.

पहार खाली पडून वाजली. मानकरी पायरीवर बसला. त्याच्या मिशांवरून रक्त हनुवटीवर आलं, आणि दोन दात त्याने तळहातावर घेऊन बघितले. मारामारी थांबली. काठीने मारलं तर काय करायचं हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण भर देवळात एका बाईने मानकऱ्याचे दात पाडले तर काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ह्यो माजा कौल," आई म्हणाली. "उजवा का डावा, तो चाचपून बगा."

मागे कुणीतरी एकजण हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. गुरवाने जमिनीला हात लावून सगळ्यांसमोर सांगितलं की या देवीला तो पुन्हा कौल लावणार नाही. त्याला तिची भीती वाटली असेल किंवा मानकऱ्याच्या थपडेचा राग आला असेल. मला वाटतं, दोन्ही.

त्या शिमग्याला पालखी देवळाबाहेर निघाली नाही. पुढच्या वर्षी गाव बसून बोललं, कारण विचारायला आता कुणी नव्हतं. जाताना पालखी एका वाडीने उचलायची, येताना दुसरीने, आणि पुढच्या वर्षी उलट. त्यावरूनही दोन-तीन वर्षं काठ्या निघाल्या, पण देवळात नाही. मानकरी आमच्याकडे पुन्हा आला नाही. म्हातारपणी तो पेजेवर होता असं ऐकलं.

बाबांनी त्यानंतर टाकी धरली नाही. ते शेजारी बसून सांगत आणि आई मारी. पाटे, जाती, तुळशीवृंदावनं, आणि मिशनच्या दफनभूमीसाठी थडग्यांचे दगड. त्या दगडांवरची इंग्रजी अक्षरं मी खडूने काढून देई आणि आई, जिला मराठीही वाचता येत नव्हतं, ती अक्षरं न चुकता कोरी. त्या खडूच्या अक्षरांवरून मिशनच्या बाईंनी मला पुढे शिकवायचं मनावर घेतलं. तुम्ही आज जिथे आहात त्याची सुरुवात तिथे आहे. गिऱ्हाइकं अजूनही म्हणत, वा मेस्त्री. एकदा रागाच्या भरात बाबांनी डावा हात आईवर उगारला. तिने हातातली हातोडी बाजूला ठेवली आणि त्यांच्याकडे नुसतं बघितलं. हात खाली आला आणि पुन्हा वर गेला नाही.

मी मोठी झाल्यावर, ती आजारी असताना, तिला एकदाच विचारलं होतं, "आई, पाकळी टिकणार नाही हे तुला माहीत होतं?"

"मी घासत होते," ती म्हणाली. "थांब म्हनून कोनी सांगितलान नाय."

तुम्ही याल तेव्हा देऊळ नवं दिसेल, फरशा बसवल्या आहेत, वर पत्र्याऐवजी स्लॅब आहे. देवी तीच आहे. कुरुंद माझ्या टेबलावर आहे, तुम्ही लहानपणी ज्याला पेपरवेट समजून खेळायचात तो. एका बाजूला आईच्या तळव्याचा खोलगा पडलेला आहे. त्या गावात अजून कौल लावत नाहीत. देवीचे दोन्ही खांदे सारखे आहेत.